कोणती सांगवी?

महाराष्ट्राच्या नकाशात 'सांगवी' शोधायला गेलं तर बोट कुठे ठेवायचं हेच कळत नाही. नदीकाठ, फाटा, तालुका सांगितल्याशिवाय एका सांगवीची दुसरीपासून फारकत होत नाही, इतक्या आहेत. पुण्याच्या वाचकाला सांगवी म्हटलं की पिंपरी-चिंचवडमधली जुनी सांगवी, नवी सांगवी आठवते. धुळे जिल्ह्यातल्या माणसाला शिरपूरच्या पुढची, आग्रा रोडवरची, मध्य प्रदेशच्या हद्दीलगतची सांगवी आठवते. मराठी कादंबरीतली सर्वांत महत्त्वाची सांगवी मात्र या दोन्ही नव्हेत. ती जळगाव जिल्ह्यात, तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर-यावलचा जो पट्टा आहे तिथली. भालचंद्र नेमाडे १९३८ साली या गावी जन्मले. १९६३ साली देशमुख आणि कंपनीने 'कोसला' छापली, आणि पांडुरंग सांगवीकर या नावामुळे ते गाव मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आलं. साठ वर्षांनंतरही ते गाव फारसं कुणाला ठाऊक नाही. 'कोसला'वर इतकं लिहिलं गेलं, पण त्यातल्या सांगवीवर सलग असं फार थोडं. त्या उणिवेबद्दल हा लेख आहे.

सुरुवात आडनावापासून करू. तापीच्या उत्तरेला लेवा पाटीदारांची वस्ती दाट आहे. तिथली आडनावं पाहा: चौधरी, पाटील, महाजन, नेमाडे, भंगाळे, कोल्हे, झोपे, फिरके, राणे, नारखेडे, सरोदे. 'कर' लावलेली आडनावं त्या मानाने विरळा. म्हणजे गावात राहणारा माणूस स्वतःला सांगवीकर म्हणवत नाही, त्याची गरजच पडत नाही. गावाचं आडनाव होतं ते गाव सोडल्यावर, आणि तेही जिथे गोडबोले-आपट्यांच्या बरोबरीने कोकणकर-पुणेकर वावरतात अशा ठिकाणी. पांडुरंगाच्या लेखकाने त्याला सहज पाटील किंवा चौधरी केलं असतं. पुढे चतुष्टयातल्या नायकाला त्याने चांगदेव पाटील हे नाव दिलंच. 'चांगदेव' हेसुद्धा तापी-पूर्णेच्या संगमावरच्या गावाचं नाव आहे, हा योगायोग मला तरी दुर्लक्ष करण्यासारखा वाटत नाही. 'सांगवीकर' हे तिथल्या मातीतलं नाव नव्हे, ते पुण्याच्या हजेरीपटावरचं नाव आहे. पुण्यात गेलेल्या मुलाच्या कपाळी गाव असं चिकटतं. कादंबरीचा अर्धा विनोद आणि निम्म्याहून जास्त दुःख या चिकटण्यात आहे.

आता वाचकाने एक प्रयोग करावा. 'कोसला' नुकतीच वाचून मिटली असेल तर कागद घेऊन सांगवीचा नकाशा काढून पाहावा. नदी कोणत्या बाजूला? देऊळ कुठे? बाजार कोणत्या वारी? बहुतेकांना जमणार नाही. उलट 'बनगरवाडी' (१९५५) वाचलेल्याला ती वाडी डोळे मिटूनही दिसते: माळ, मेंढरं, शाळा, तालमीसाठी चाललेली खटपट, आणि शेवटी दुष्काळाने रिकामी झालेली घरं. व्यंकटेश माडगूळकरांचा मास्तर बाहेरून वाडीत येतो. त्याला जे जे नवं वाटतं ते तो टिपतो, म्हणून आपल्यालाही दिसतं. आपल्याकडच्या चांगल्या ग्रामीण कादंबरीचा एक मोठा भाग या बाहेरून येणाऱ्या डोळ्यावर उभा आहे. लेखक स्वतः गावातलाच असला तरी तो वाचकाचं बोट धरून त्याला वेशीतून आत नेतो, थांबून थांबून दाखवतो. याला कुणी दोष म्हणू नये. 'बनगरवाडी'सारखी गोष्ट या डोळ्याशिवाय लिहिताच आली नसती.

'कोसला'त हा डोळा उलटा फिरवला आहे. इथे वेशीतून आत जाणारा मास्तर नाही, वेशीतून बाहेर पडलेला मुलगा आहे. त्याला नवं वाटतं ते पुणं. वसतिगृह, खाणावळ, स्नेहसंमेलन, चिटणीसपद, वादसभा, चहाची उधारी, प्राध्यापकांची भाषणं, या सगळ्यांच्या रूढी, जातीपाती, मानपान, सोयरसुतक तो टिपत जातो. त्र्यंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गाव-गाडा' लिहून कुणबिकी आणि बलुत्याच्या व्यवस्थेची जशी उस्तवार केली, तशी उस्तवार पांडुरंग सांगवीकर डेक्कनच्या परिसराची करतो. या कादंबरीत ज्याचं वर्णन होतं ते खेडं म्हणजे पुणं. सांगवी ही वर्णनाची जागा नाही, जिथे उभं राहून बघायचं ती जागा आहे. उभं राहायची जागा स्वतःला कधी दिसत नसते, म्हणून नकाशा निघत नाही.

त्या सुप्रसिद्ध 'उदाहरणार्थ'चं आणि 'वगैरे'चंही मला असंच वाटतं. समीक्षेने या लकबींना तुटलेपणाची, निरर्थकतेची खूण मानलं. असेलही. पण 'उदाहरणार्थ' हा शब्द मुळात वर्गातला आहे, फळ्यापुढचा. ज्या घरात कुणी 'उदाहरणार्थ' म्हणून बोलत नाही तिथला मुलगा तो शब्द उचलतो आणि नको तिथे, पुन्हा पुन्हा, जरा जास्तच गंभीरपणे वापरतो. खानदेशातली टवाळ पोरं शहरातून आलेल्या पाहुण्याचा एखादा शब्द पकडतात आणि संध्याकाळपर्यंत त्याचा भुगा करतात, त्यातलाच हा प्रकार. अस्तित्ववाद त्यात शोधायला हरकत नाही, पण पारावरची थट्टा आधी ऐकू यायला हवी होती. 'कॅचर इन द राय'शी तुलना करण्याच्या घाईत ती ऐकलीच गेली नाही.

वर्णन नाही म्हणजे गाव नाही, असं मात्र नव्हे. सांगवी या कादंबरीत पैशाच्या रूपाने सतत हजर असते. पुण्यातल्या पांडुरंगाला गावाकडून येणारा पैसा, त्याचा हिशेब, त्याची उधळपट्टी, वडिलांचा संताप, पुन्हा मागणी. वडील हे या कादंबरीतलं सर्वांत ठोस पात्र आहे. प्रेमळ किंवा क्रूर म्हणून ते लक्षात राहत नाहीत. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे घरात त्यांना एकट्यालाच माहीत आहे, म्हणून ते लक्षात राहतात. पुण्यात मुलगा मित्रांवर खर्च करून मोठा होऊ बघतो. तो खर्च गावात कुणाच्या तरी वाट्यातून कापलेला असतो. घरातल्या बायकांच्या वाट्यातून, गड्यांच्या वाट्यातून. कादंबरी हे ओरडून सांगत नाही. पण पांडुरंगाला घरी पाऊल ठेवताच जी धास्ती बसते ती नुसत्या बापाची नसते, हिशेब विचारला जाण्याची असते.

इथे या पट्ट्याचं अर्थकारण थोडं सांगावं लागेल, कारण त्याशिवाय 'कोसला'तलं घर समजत नाही. तापी आणि सातपुडा यांच्यामधली ही काळी, खोल जमीन. विहिरींचं पाणी, पूर्वी कापूस, मग केळी. सावदा आणि रावेर ही भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या रेल्वेवरची स्टेशनं, तिथून केळी वाघिणीत भरून उत्तरेला जातात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचा व्यापार त्याच्या किती तरी आधीचा. फैजपूर याच पट्ट्यातलं. १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरलं ते इथे, नेहरूंच्या अध्यक्षतेखाली. खेडं म्हणजे अज्ञान, अठरा विश्वे दारिद्र्य आणि पाऊस न पडण्याची वाट, हे जे चित्र ग्रामीण साहित्यात स्थिरावलं, त्यात हा पट्टा बसत नाही. इथला शेतकरी बाजारभावावर बोलतो, रेल्वेच्या वाघिणीवर बोलतो, आणि मुलाला पुण्याला धाडतो. मुलगा तिथे नापास झाला तर ती शोकांतिका भुकेची नसते. ती एका फसलेल्या गुंतवणुकीची असते.

म्हणूनच सत्तरच्या दशकात ग्रामीण साहित्याची चळवळ उभी राहिली, आनंद यादवांचा 'गोतावळा' आणि रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' (दोन्ही १९७१) यांच्या आधाराने ग्रामीण म्हणजे काय याची चर्चा झाली, तेव्हा 'कोसला'चं काय करायचं हा प्रश्न बाजूला पडला. ती आधुनिक, प्रयोगशील, तरुणाईची कादंबरी ठरली. बोलीचा साज नाही, औताचं वर्णन नाही, नायक इंग्रजी वाचलेला. माझ्या मते या वर्गीकरणात नुकसान झालं ते ग्रामीण साहित्याचं. शिकायला बाहेर गेलेला आणि अपयश घेऊन परत आलेला मुलगा हा १९६० नंतरच्या खेड्यातला सर्वांत सामान्य माणूस आहे. 'कोसला'च्या शेवटच्या भागात सांगवीत परतलेला पांडुरंग आणि त्याच्यासारखी रिकामी पोरं, त्यांच्या टाइमपास गप्पा, एकेकाचं लग्न लागत जाणं, एकेकाचं हळूहळू गावात मुरून जाणं, हे मराठीत त्याआधी कुणी लिहिलं नव्हतं. जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडवर आजही दुपारी तीन वाजता हा शेवटचा भाग चालू असतो. फरक इतकाच की आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे आणि स्पर्धा परीक्षेचं एक पुस्तक आहे.

मनीचं मरण हा 'कोसला'तला सर्वांना आठवणारा भाग. धाकटी बहीण देवीने जाते, आणि भाऊ पुण्यात असतो. तोवर सगळ्यावर टवाळी करणारी भाषा इथे कोसळते, तुकड्यातुकड्यांनी येते. या भागावर करुण रसाच्या अंगाने पुष्कळ लिहून झालं आहे. मला त्यातली वेगळी गोष्ट खटकते, म्हणजे अडवते. सांगवी या एकाच ठिकाणी पूर्णपणे दिसते आणि ती दिसते अनुपस्थितीतून. भाऊ तिथे नव्हता. घरात काय झालं असेल, कुणी काय केलं असेल, काय केलं नसेल, हे तो पुण्यात बसून रचतो. लस टोचणं ही ज्या काळात सरकारी मोहीम होती, त्या काळात सुखवस्तू शेतकऱ्याच्या घरातली मुलगी देवीने मरते. घरात पैसा होता. पुण्याला जाण्याइतका होता. ही जी फट आहे, मुलाच्या शिक्षणावरचा खर्च आणि मुलीच्या जिवावरचा खर्च यांतली, ती पांडुरंगाला दिसते आणि त्याच्या आक्रोशाची धार वडिलांवर, घरावर, गावावर वळते. गावाची इतकी कठोर टीका त्या दशकातल्या ग्रामीण कथेत मला सापडत नाही. शहरी लेखकाने ती केली असती तर गावाची बदनामी म्हणून हाकाटी झाली असती.

अजिंठ्याचं प्रकरणही याच धाग्यावर आहे. अजिंठा पूर्वीच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असला तरी घाट उतरला की जळगाव. जगभरचा प्रवासी जळगाव स्टेशनवर उतरूनच फर्दापूरला जात आला आहे. खानदेशी माणसाला अजिंठा म्हणजे परसदार. पांडुरंग मात्र तिथे पुण्याच्या मुलांबरोबर सहलीला म्हणून येतो. स्वतःच्या परसात पाहुणा म्हणून. लेण्यांमधल्या अंधारात त्याला मनी भेटते यात नवल नाही. घरापासून एवढ्या जवळ येऊन घरी न जाणं म्हणजे काय, हे त्या भागातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पुणेकर वाचकाला ते भूगोल न कळल्यामुळे नुसतं तत्त्वचिंतन वाटतं.

इथवर मी सांगवीची बाजू मांडली. आता तिच्यातला जो बदल मला अडचणीचा वाटतो, त्याकडे वळते.

'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' २०१० साली आली. नायक खंडेराव, पुरातत्त्वाचा अभ्यासक, मोहेंजोदडोच्या उत्खननावरून वडिलांच्या आजारपणामुळे घरी परततो. पट्टा तोच, सातपुडा तोच, शेतकरी घर तेच, बापाशी असलेला तिढाही ओळखीचा. गावाचं नाव मात्र आता मोरगाव आहे. या नावालाही पुणे जिल्ह्यात एक जुळं आहेच, अष्टविनायकातलं. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की पंचविशीतल्या लेखकाने आपल्या गावाचं खरं नाव ठेवलं, आणि सत्तरी ओलांडलेल्याने ते बदललं. असं का झालं असावं?

गावांची नावं बदलण्याची एक मोठी परंपरा आहे, ती कादंबरीकारांची कमी आणि समाजशास्त्रज्ञांची जास्त. एम. एन. श्रीनिवासांनी १९४८ साली म्हैसूरजवळच्या कोडगहळ्ळीत मुक्काम केला आणि लिहिताना तिला 'रामपुरा' म्हटलं. त्यांच्या नोंदी १९७० साली अमेरिकेत जळल्या, तेव्हा निव्वळ आठवणीवर त्यांनी 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' (१९७६) लिहिलं. क्लिफर्ड गीर्ट्झ इंडोनेशियात गेले. पूर्व जावातल्या पारे या गावाला त्यांनी 'मोजोकुटो' हे बनावट नाव दिलं, आणि बालीतल्या ज्या खेड्यातल्या कोंबड्यांच्या झुंजीवरचा त्यांचा निबंध जगभर शिकवला जातो, त्या खेड्याला तर नावच दिलं नाही. तेवढ्या एका बिननावाच्या खेड्यावरून सगळ्या बालीबद्दल, पुढे सगळ्या संस्कृतीबद्दल बोलण्याची सोय झाली. नाव बदलण्याचं वरवरचं कारण माणसांची अब्रू झाकणं हे असतं. खोलवरचं कारण असं की नाव काढलं की गाव नमुना बनतं. कोडगहळ्ळी एकच असते, रामपुरा मात्र भारतातलं कुठलंही खेडं होऊ शकतं.

मोरगावचं हेच झालं आहे. 'हिंदू'मध्ये गाव भरगच्च आहे. बलुतेदार आहेत, फिरस्ते आहेत, नाना जातींच्या बायका आपापल्या कहाण्या घेऊन येतात, गडी-सालदार आहेत, पंथ आहेत, पुराणं आहेत. 'कोसला'त जे जे गाळलं गेलं होतं ते सगळं इथे आणून ठेवलं आहे. बायकांच्या बाबतीत तर 'हिंदू' निर्विवाद मोठी आहे, तिथे मनीचं मरण एका घरापुरतं उरत नाही. तरीही मोरगाव मला सांगवीइतकं गाव वाटत नाही. मोरगावात कुणी आलं की ते काहीतरी सिद्ध करण्यासाठी येतं. एखादी जमात येते ती समृद्ध अडगळीतला एक जिन्नस म्हणून येते. एखादी म्हातारी बोलते ती पाच हजार वर्षांच्या वतीने. उत्खननाचं रूपक लेखकाने उघडच वापरलं आहे, थरावर थर. उत्खननात मात्र एक अडचण असते. खापर हाती आलं की ते त्या थराचं प्रतिनिधी होतं, ज्याचं मडकं होतं तो माणूस बाजूला राहतो. सांगवीतल्या वडिलांना कुणाचं प्रतिनिधित्व करायचं नव्हतं. ते फक्त पैसे मोजत होते.

देशीवादाची मांडणी नेमाड्यांनी या दोन कादंबऱ्यांच्या मधल्या काळात केली. 'टीकास्वयंवर'ला १९९०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तोही याच काळात. गाव हे संस्कृतीचं एकक मानायचं ठरलं की गावाचं नाव अडचणीचं होऊ लागतं. हा माझा तर्क आहे. नेमाड्यांच्या चाहत्यांना तो पटणार नाही याची मला कल्पना आहे. पण ज्या कादंबरीकाराने आपल्या सिद्धान्ताच्या आधी आपलं गाव लिहिलं, त्याचं ते पहिलं गाव सिद्धान्तानंतरच्या गावापेक्षा जास्त जिवंत आहे, असं निदान या दोन पुस्तकांपुरतं तरी मला दिसतं.

तापीच्या अलीकडे, जळगावला जवळजवळ चिकटलेलं आणखी एक गाव साहित्याने प्रसिद्ध केलं. आसोदे. बहिणाबाई चौधरी तिथे १८८० साली जन्मल्या, लग्न होऊन जळगावात आल्या, १९५१ साली गेल्या. सोपानदेवांनी जपलेली त्यांची गाणी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली पुस्तकरूपाने आली. तेव्हापासून आसोदे म्हणजे निसर्ग, निरक्षर प्रतिभा आणि शेतातलं तत्त्वज्ञान. ऐन तरुणपणी विधवा झालेली, वाटण्या आणि कोर्टकज्जे पाहिलेली, बाजाराच्या गावात शेती करणारी एक बाई या चित्रातून कधीच गळून गेली आहे. आसोद्याला खरं नाव राहिलं, पण गाव राहिलं नाही. सांगवीचं उलट झालं, तिथे गाव आहे आणि लोक ते नाव नुसतं आडनाव समजून पुढे जातात.

बहिणाबाईंच्या भाषेबाबत एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण मी धुळ्यात वाढले आणि आमच्या घरात अहिराणी बोलतात. मुंबई-पुण्याच्या व्यासपीठांवर बहिणाबाईंची भाषा अहिराणी म्हणून बिनदिक्कत सांगितली जाते. ती लेवा गणबोली आहे. अहिराणीत 'माझा-तुझा'ला 'मना-तुना' म्हणतात, 'काय करतोयस'ला 'काय करी राह्यना'. बहिणाबाईंच्या गाण्यात ही रूपं नाहीत. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात १९०७ साली 'खानदेशी'ला मराठीच्या खंडात न घालता भिल्ल बोलींच्या खंडात जागा मिळाली. त्यावर वाद घालता येतो, पण निदान त्यांनी कान देऊन ऐकलं होतं. आपण सगळा खानदेश एका पिशवीत टाकतो आणि वर बहिणाबाईंचा फोटो लावतो. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश हे इंग्रजी अमदानीत १९०६ साली वेगळे केलेले जिल्हे, आजचे जळगाव आणि धुळे. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघाला. बोलीचा, जमिनीचा, जातींचा, पावसाचा सगळाच पोत पूर्वेकडून पश्चिमेकडे बदलत जातो. केळीचा पट्टा संपतो, गिरणा ओलांडली की अहिराणी घट्ट होते, पुढे सातपुड्यात पावरी आणि भिली सुरू होतात.

सांगवी म्हणजे सर्वसाधारण खानदेशी खेडं, असं म्हणायला माझा जीव धजत नाही तो यामुळेच. ते एका विशिष्ट, पाणी असलेल्या, रेल्वेजवळच्या, मुलाला पुण्याला पाठवू शकणाऱ्या शेतकरी जातीचं घर आहे, आणि 'कोसला'चा मोठेपणा असा की ती कादंबरी आपलं घर सगळ्यांचं घर असल्याचा आव आणत नाही. सालदाराचं घर तिच्यात नाही. वस्तीवरचं घर तिच्यात नाही. पांडुरंगाला ती दिसत नाहीत, कारण त्याच्या वडिलांच्या घरातून ती दिसत नव्हती. ही मर्यादा आहे आणि ती जागच्या जागी, उघडी ठेवलेली आहे. 'हिंदू'ने ती बुजवली आणि त्या भरावात बऱ्याच जणांना बोलतं केलं, पण लेखकाच्या आवाजात.

शिरपूरची सांगवी आग्रा रोडवर आहे हे वर आलंच. तिच्या आसपास पावरा, भिल्ल वस्ती. तिथला एखादा मुलगा आश्रमशाळेतून शिरपूर, शिरपूरहून धुळे, धुळ्याहून पुणे असा गेला असेल, आणि परतही आला असेल. त्याच्या हजेरीपटावर 'सांगवीकर' नसणार, पावरा किंवा भिल असणार, आणि ते आडनाव ऐकल्यावर वसतिगृहात जे चेहरे झाले असतील ते गावाच्या नावाने होणाऱ्या थट्टेहून वेगळे असतील. शहाद्याकडच्या वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड'मधल्या कवितांनी या अनुभवाच्या तोंडावरचं झाकण काढलं. आपल्याविषयी व्यासपीठावरून दुसरेच बोलत राहतात आणि आपण समोर बसून ऐकतो, ही गोष्ट त्यांनी फार कमी शब्दांत लिहिली. गद्यात मात्र त्या सांगवीची मनिऑर्डर, म्हणजे आता शिष्यवृत्तीचा अडकलेला हप्ता, तिथला बाप, तिथली तापाने गेलेली बहीण आणि स्टँडवरची दुपार अजून मराठीत यायची आहे. ज्याने ती लिहायची त्याने गावाचं नाव बदलू नये. बाकी भाषा कोणती वापरायची, नकाशा काढायचा की नाही, टवाळी किती करायची, हे तो त्याचं बघेल.